चौकट नाही म्हणून कॉमिक नाही? ('भीमायन' आणि त्यावरून)

शाईचा_डाग

'हल्ली काय वाचलंत' या धाग्यात एका महाशयांनी 'भीमायन'चा, म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यावरच्या चित्रकादंबरीचा, दोन ओळींत निकाल लावला आहे: "चित्रं छान, पण याला कॉमिक म्हणू नका. चौकटी नाहीत, कुठून कुठे वाचायचं कळत नाही. फ्रेम करून भिंतीवर टांगा." तिथे उत्तर मावेना, म्हणून हा वेगळा धागा.

चौकटी विसरून राहिलेल्या नाहीत, ठरवून काढलेल्याच नाहीत. पुस्तकाची चित्रं काढणारे दुर्गाबाई आणि सुभाष व्याम हे परधान गोंड चित्रकार. माणसांना खोक्यात कोंबणार नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. मग पान विभागायला त्यांनी दिग्ना घेतला, म्हणजे गोंड घरांच्या भिंती-जमिनीवर काढतात ती नक्षी. ती पानावर वळत जाते आणि दोन प्रसंगांमधली हद्द होते. गटर, म्हणजे दोन चौकटींमधली मोकळी पट्टी, आहेच, फक्त ते पांढरं आणि सरळ नाही.

आणि फुगे नीट बघितलेत का? साधं, सोसणाऱ्या माणसाचं बोलणं पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात. जातीची गरळ ओकणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. मनातल्या विचाराला डोळा. एवढ्या तीन खुणा ध्यानात ठेवल्या की मजकूर वाचायच्या आधीच बोलणारा कोण ते कळतं. ज्यांना क्रम सापडला नाही त्यांनी पानं चाळली असणार.

नऊघरं

तो महाशय मीच. पानं चाळली नाहीत, धन्यवाद.

गटर हद्द आखतं हे अर्धंच झालं. त्याचं मोठं काम वेळ मोजण्याचं. 'वॉचमेन' हे इंग्रजी कॉमिक (१९८६-८७, १२ अंक) उघडा. चित्रकार गिबन्सची ३ बाय ३ची जाळी. घरांचं माप ठरलेलं असल्यामुळे तीन घरं जोडून एक केलं की डोळा थबकतो, आणि एकच चित्र ओळीने तीनदा आलं की शांतता जाणवते. पाचव्या अंकात सगळी मांडणी मधल्या जोडपानाभोवती आरशासारखी उलटते. जाळी काढून टाका, आरसा उरतो का बघा.

आता 'भीमायन'मधलं मसूर स्टेशन. १९०१. लहान भीम आणि बरोबरची पोरं उतरलीत. न्यायला कोणी आलेलं नाही. गाडीवाला दुप्पट भाडं घेतो, पण बैल पोरांनाच हाकायला लावतो. अंधार पडतो, पाणी कुठेच मिळत नाही. तासातासाने चढत जाणारी तहान आहे ती. उघड्या पानावर ती एकदम दिसते. सुंदर दिसते, मान्य. पण वाचणाऱ्याला वाट बघावी लागत नाही, आणि त्या प्रसंगात वाट बघणं हेच तर सगळं आहे.

शाईचा_डाग

तहानलेल्या भीमाचं धडच मासा होतं, ते बघून तुम्हाला घड्याळ आठवलं? कमाल आहे. हातपंप हत्तीची सोंड होतो, आगगाडी साप होते, महाडच्या भाषणात भोंग्यांतून लोकांवर पाण्याचे फवारे उडतात. चवदार तळं एका चित्रात आणलंय. तुमच्या नऊ खणांत हा फवारा कुठे मावणार?

शिवाय न्यूयॉर्कच्या विल आयस्नरच्या १९७८च्या 'अ काँट्रॅक्ट विथ गॉड' या चित्रकादंबरीत कितीतरी चित्रांना चौकट नाही. आधी त्याला बाहेर काढा, मग व्यामांकडे वळा.

पोथीवाला

पिंगुळीची चित्रकथी कोणालाच आठवू नये? एकेक पान समोर धरायचं, गात गात गोष्ट सांगायची, पुढचं पान धरायचं. किती वेळ धरायचं हे सांगणारा ठरवतो. चौकट आणि वेळ या दोन्हींचं उत्तर कुडाळजवळ आहे आणि तुम्ही न्यूयॉर्कला शोधताय. चालू द्या.

फुगेदुरुस्ती

'क्रम कळत नाही' ही तक्रार मराठी भाषांतरित कॉमिक्सबद्दल रोज ऐकू येते. 'भीमायन' बाजूला ठेवा. तिथे दोष चित्राचा नसतो, अक्षरांचा असतो.

इंग्रजी कॉमिकमध्ये सहसा सगळी कॅपिटल. ओळीच्या वर काही जात नाही, खाली काही लोंबत नाही, म्हणून ८ पॉइंटच्या अक्षराला ९चं ओळअंतर पुरतं. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार आणि उभी जोडाक्षरं. ८ला १२ तरी लागतात. म्हणजे चार ओळींच्या फुग्यात तीनच बसतात. मग अक्षर ६वर आणतात. खरखरीत कागदावर शाई पसरते, 'ष' आणि 'द्ध'ची पोटं भरतात आणि वाचणारा पुढच्या फुग्यावर उडी मारतो. झाला क्रम गायब.

नऊघरं

धागा 'भीमायन'चा आहे, म्हटलं आठवण करून द्यावी.

काटछाट

अक्षरांवर कशाला ढकलता? दोष भाषांतरकाराचा. मूळ फुग्यात आठ शब्द असतील तर मराठीत सोळा लिहितात, क्रियापदाला दोन शेपट्या लावून. बोलल्यासारखं लिहा, तीन ओळींत आरामात बसतं.

फुगेदुरुस्ती

अर्धं बरोबर, आणि अर्ध्यावर थांबायची खोड तुमची जुनीच. मजकूर छाटला तरी फुगा लंबगोलच राहतो. त्याची वरची आणि खालची ओळ आखूड. इंग्रजी तिथे दोन-तीन अक्षरी शब्द टाकून मोकळी होते. मराठी शब्द प्रत्यय चिकटून लांबलेला, तो तिथे मावत नाही, आणि फुग्यात शब्द तोडला की वाचणारा अडखळतो. म्हणून परवानगी असेल तर फुगाच नव्याने काढायचा: गोल कोपऱ्यांचा, जरा चौकोनी, वरून-खालून सपाट. शेपटी मात्र मूळ जागीच ठेवायची, नाहीतर बोलणारा बदलतो. जोर द्यायचा तर जाड वजनाचा फाँट घ्या. सॉफ्टवेअरने देवनागरी तिरकी केली की वेलांटी शेजारच्या अक्षरात घुसते.

इलस्ट्रेटर किंवा इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी सोय) चालू केला नाही तर ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरांचे पाय मोडतात. छापून आल्यावर कळून काय उपयोग? तपासायला पडद्यावर मोठं करून बघू नका. शंभर टक्के मापात, त्याच कागदावर एक पान काढा.

काटछाट

एवढं करूनही मारामारीत इंग्रजी 'बूम' तसंच राहतं ना? 'धाडकन', 'खळ्ळकन', 'सपकन' असले शब्द आपल्याकडे पोत्याने पडलेत. तो निव्वळ आळस.

फुगेदुरुस्ती

आळस कसला, खर्च! अनेक भाषांच्या आवृत्त्या एकत्र छापतात तेव्हा छपाईच्या चार रंगांच्या चार प्लेटांपैकी फक्त काळी बदलतात. फुग्यातला मजकूर काळा, म्हणून तो बदलतो. 'बूम' लाल-पिवळं असतं, ते उरलेल्या तीन प्लेटांवर. ते बदलायचं तर तिन्ही नव्याने करा, आणि अक्षराखालचं चित्रही भरून काढा. रंगीत भागावर कोरलेल्या पांढऱ्या अक्षरांचीही तीच गत, कारण तिथला पांढरा म्हणजे रंगच नसलेली जागा, आणि ती तिथे छापणाऱ्या प्रत्येक प्लेटेत कोरलेली असते. आता सांगा, कोणाचा आळस?

काटछाट

बरं. प्रकाशकाचा कंजूषपणा. शब्द बदलला, मत तेच.

शाईचा_डाग

हे सगळं 'भीमायन'च्याच बाजूचं आहे, कोणी लक्षात घेतलं का? तिथे फुगा चित्राचाच भाग आहे. नांगी पुसून लंबगोल टाकला तर अर्धा अर्थ गेला. चौकटीवाले असे फुगे आधी काढून दाखवोत.

नऊघरं

फुगे तुमचे. नांगीची कल्पना झकास आहे, लिहून घ्या, पुन्हा म्हणणार नाही. पण बसस्टॉपवर दोघं आरक्षणावर बोलत बसतात त्या भागात मजकूर इतका दाटलाय की पक्षी असो वा विंचू, चित्र गुदमरतं. 'खुली' कला म्हणायचं आणि शब्दांनी जागा भरायची! मसूरचंही उत्तर अजून आलेलं नाही.

पोथीवाला

उत्तर दिलंय. पिंगुळी. वर वाचा.

नऊघरं

तिथे पान धरणारा माणूस असतो. छापील पुस्तकात तो कुठून आणू?