जांभ्याच्या उघड्या भिंती: साफसफाई आणि पाणीरोधक लेप

डिचोलीकर (प्रश्न):
नमस्कार. डिचोली तालुक्यातील आमचे वडिलोपार्जित घर चिऱ्यांचे (जांभा दगडाच्या ठोकळ्यांचे) असून पश्चिम व दक्षिण बाजूंच्या भिंतींना बाहेरून गिलावा नाही. पावसाळ्यात त्यांवर शेवाळ चढते आणि ते सुकले की भिंत काळीकुट्ट दिसते. आतल्या बाजूस जमिनीपासून कमरेपर्यंत ओल राहते व हिवाळ्यात तेथे लोणा (क्षारांचा पांढरा थर) फुटतो. सांध्यांतील जुना चुना बराच झडला असून काही सांधे मागे सिमेंटने भरून घेतले आहेत. ठेकेदार म्हणतो की भिंत ॲसिडने धुऊन, यंत्राच्या झोताने स्वच्छ करून वर पारदर्शक लेप द्यावा. दगडाचा तांबडा रंग दिसत राहावा, अशी घरच्यांची इच्छा आहे. हा मार्ग योग्य आहे का? जाणकारांनी कृपया सांगावे.

चिरेबंदी:
ॲसिड आणि झोत या दोन्हींना स्पष्ट नकार द्या. जांभ्याचा सांगाडा लोहयुक्त व कठीण असतो, पण त्याच्या छिद्रांत मऊ चिकणमाती भरलेली असते. झोताच्या दाबाने ती माती निघून जाते आणि पुढच्या पावसाचे पाणी साठायला आयत्या खळग्या तयार होतात. ॲसिड सांध्यांतला चुना विरघळवते, दगडातल्या लोहावर काम करून डाग पाडते आणि मागे क्षार सोडून जाते, म्हणजे आज तुम्हाला ज्याचा त्रास आहे तोच लोणा वाढवते. भिंत कोरडी असताना नायलॉनच्या किंवा काथ्याच्या ब्रशाने वाळलेले शेवाळ झाडून काढावे. तारेचा ब्रश वापरू नये, कारण त्याचे तुटलेले कण दगडात अडकून गंजतात. उरलेल्या भागावर बेंझाल्कोनियम क्लोराईड या शेवाळनाशकाचे पातळ द्रावण लावून काही दिवस राहू द्यावे आणि मग साध्या नळाच्या पाण्याने, ब्रशाने घासत धुवावे. ब्लीचने रंग लगेच उजळतो, पण मागे मीठ राहते. लोणा मात्र आधी कोरडाच झाडून गोळा करावा. पाणी मारले की तो विरघळून पुन्हा आत शिरतो.

वळचण:
वरील सर्व मान्य. तथापि कमरेपर्यंतची ओल ही भिंतीवर आपटणाऱ्या पावसाची नसून बहुधा पायथ्याकडून वर चढणारी आहे, आणि तिला कोणताही पारदर्शक लेप थांबवू शकत नाही. अंगणात नंतर घातलेले काँक्रीट किंवा फरश्या जोत्याच्या वर आल्या आहेत का, त्यांचा उतार घराकडे आहे का, पागोळ्या नेमक्या कुठे पडतात, हे प्रथम पाहावे. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतांश जून ते सप्टेंबर या काळात. म्हणून जुन्या घरांना खोल वळचण असायची आणि पावसाळ्याच्या तोंडाशी विणलेल्या चुडतांच्या (नारळाच्या झावळ्यांच्या) झडी उघड्या भिंतींना बांधल्या जायच्या. हल्ली अनेकांना ते गावंढळ वाटते. माझ्या मते पश्चिमेच्या भिंतीसाठी तो अजूनही सर्वांत स्वस्त उपाय आहे.

सिमेंटने भरलेले सांधे शक्य तेथे छिन्नीने हलके काढून चुन्याने भरावेत. सिमेंट चिऱ्यापेक्षा कठीण व कमी सच्छिद्र असते, त्यामुळे भिंतीतील ओल सांध्याऐवजी दगडातून बाहेर पडते आणि दगडाचीच कड झिजते.

डिचोलीकर:
आपले आभार. अंगणात काँक्रीट घातलेले आहे आणि त्याचा उतार खरोखरच भिंतीकडे आहे. मग लेपाचा विचार सोडून द्यावा का? सिलेन-सिलोक्सेन या पाणीरोधक द्रव्याच्या लेपाने दगड श्वास घेऊ शकतो, असे ऐकले आहे.

चिरेबंदी:
तसे आहे. हे द्रव्य छिद्रे बुजवत नाही, तर त्यांच्या आतील पृष्ठाला पाणी चिकटू देत नाही; म्हणून वाफ बाहेर जाऊ शकते. ॲक्रिलिकचा चमकदार पापुद्रा तसे करत नाही, तो फुगून सुटतो. तरीही तुमच्या भिंतीवर आज सिलेन लावू नये. भिंतीत क्षार असतील तर पाणी लेपलेल्या थराच्या मागेच वाफेत बदलते, क्षार तेथेच स्फटिक होतात आणि दगडाचा पुढचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. आधी उतार दुरुस्त करावा, सांधे भरावेत, एक पावसाळा जाऊ द्यावा. त्यानंतर हिवाळ्यात लोणा नव्याने फुटला नाही, तर मार्च-एप्रिलमध्ये पूर्ण कोरड्या भिंतीच्या आडबाजूच्या लहानशा भागावर प्रथम चाचणी घ्यावी. दहा वर्षांची हमी देणारे या चाचणीबद्दल क्वचितच बोलतात.

वळचण:
मी तर गिलाव्याचाच आग्रह धरीन. जुने गोवे येथील बॉम जेझूस बासिलिकेचा बाहेरचा गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकण्यात आला, आणि तेव्हापासून उघडा पडलेला जांभा पावसात झिजतो आहे. १६०५ साली पूर्ण झालेल्या त्या इमारतीचा दगड मुळात उघडा ठेवण्यासाठी नव्हताच. पश्चिमेच्या भिंतीला चुन्याचा गिलावा आणि वर चुन्याचीच सफेदी द्यावी; दक्षिणेच्या भिंतीवर वळचण पुरेशी असेल तर ती भिंत तांबडी ठेवून घरच्यांची हौसही पुरवता येईल. चुन्याचे काम पाऊस पूर्ण थांबल्यावर, नोव्हेंबरच्या सुमारास घ्यावे, सुरुवातीचे काही दिवस ओली गोणपाटे लावून उन्हापासून जपावे आणि जूनपूर्वी त्याला घट्ट व्हायला पुरेसे महिने मिळतील असे पाहावे.