मदत हवी आहे: कासचा फोटो आणि मजकूर दुसऱ्याच्या जाहिरातीत

नमस्कार मंडळी. कास पठारावर पहाटे धुक्यात काढलेला 'सीतेची आसवं' या रानफुलांचा फोटो मी चार ओळींच्या टिपणासह फेसबुकवर टाकला होता. तो आता एका सहल काढणाऱ्यांच्या जाहिरातीत फिरतोय. कोपऱ्यातलं माझं नाव कापलंय, टिपण मात्र जसंच्या तसं, माझ्या शुद्धलेखनाच्या चुकीसकट! मेसेज केला तर उत्तर, "नेटवर होता, घेतला."

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटो काढला की हक्क आपोआप आपलाच, नोंदणी सक्तीची नाही, एवढं वाचलंय. लेखी तक्रार गेली की साइटने ३६ तासांत तो मजकूर बंद करायचा, पण २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर तो परत दिसू शकतो, असंही नियमांत आहे. एका फोटोसाठी कोर्टात कोण जाणार?

माझ्याकडे मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्यातली, काहीही बदल न केलेली) आहे. पुरावा म्हणून तेवढी पुरते का? वकिलाची नोटीस आधी की फेसबुककडे तक्रार? कुणी हे प्रत्यक्ष केलंय का? आणि वॉटरमार्क फोटोच्या मधोमध टाकावा का? फुलांवर आडवं नाव बघवत नाही हो.