मदत हवी आहे: कमांड लाइनवर डीएनए क्रम दुरुस्त करताना अक्षरांचे क्रमांक सरकतात

नमस्कार. मी ठाण्यातील एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी ऐरोलीच्या खाडीकाठची तिवराची पाने आणून त्यांच्या हरितलवकातील आरबीसीएल या जनुकाचा एक तुकडा वाचून घेतला आहे. प्रत्येक नमुन्याचे सुलट आणि उलट असे दोन क्रम मिळाले असून प्रत्येकाची लांबी सुमारे ६०० अक्षरे आहे. दुरुस्त्या आम्ही सेककिट या डीएनए क्रमांच्या फाइली हाताळणाऱ्या कमांड लाइन साधनाच्या म्युटेट या आज्ञेने करतो, कारण हाताने खोडाखोड केलेल्या फाइलमध्ये नेमके काय बदलले हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

अडचण अशी आहे. एका क्रमात २१२व्या जागी यंत्राने एक टी जादा वाचला होता आणि ३४०व्या जागी एन, म्हणजे यंत्राला न ठरवता आलेले अक्षर, होता. तेथे क्रोमॅटोग्राममध्ये, म्हणजे यंत्राने प्रत्येक अक्षरासाठी काढलेल्या शिखरांच्या आलेखात, सी स्पष्ट दिसतो. विद्यार्थ्याने आधी जादा टी वगळला आणि मग नव्या फाइलमध्ये ३४०वे अक्षर बदलले. परिणामी एन ३३९व्या जागी तसाच राहिला, मूळचे ३४१वे योग्य अक्षर मात्र बदलले गेले आणि आज्ञेने त्याबद्दल कोणताही इशारा दिला नाही. असे आणखी किती क्रमांत झाले असेल, या विचाराने मी अस्वस्थ आहे. दुरुस्त्यांचा सुरक्षित क्रम कोणता, आणि उलट दिशेच्या क्रमातील जागा सुलट क्रमाशी कशी जुळवावी, हे कृपया कोणी सांगावे.

उत्तर:

मॅडम, दोन्ही बदल एकाच आज्ञेत दिले असते तर ही चूक झाली नसती. म्युटेट आधी सगळे एकेका अक्षराचे बदल करते आणि त्यानंतरच वगळणे किंवा भर घालणे हाती घेते, त्यामुळे मूळ क्रमांकच द्यावेत. अक्षरबदल एका आज्ञेत कितीही चालतात, परंतु वगळणे किंवा भर घालणे यांपैकी एकच गोष्ट आणि तीही एकदाच करता येते. वगळण्याच्या जागा दोन असतील, तर शेपटाकडची जागा पहिल्या आज्ञेत आणि सुरुवातीकडची त्यानंतरच्या आज्ञेत घ्यावी, म्हणजे अलीकडचे क्रमांक हलत नाहीत. भर घालताना दिलेल्या जागेच्या पुढे अक्षरे बसतात, अगदी आरंभी हवी असल्यास शून्य लिहावे. बदलापूर्वी सबसेक या आज्ञेने ती जागा छापून पाहण्याची सवय विद्यार्थ्यांना जरूर लावा.

उलट क्रम आधी उलटवून पूरक करून घ्यावा, म्हणजे शेवटाकडून लिहून ए-टी आणि सी-जी यांची अदलाबदल करावी. लांबीतून जुना क्रमांक वजा करून एक मिळवला की नवी जागा मिळते. ६१२ अक्षरांच्या क्रमातील १००वी जागा ५१३वी होते. मूळ फाइलला हात न लावता सर्व आज्ञा एका स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवल्या, तर प्रत्येक दुरुस्ती कधीही पुन्हा पडताळता येते.

हे जनुक प्रथिनाची माहिती वाहणारे असल्याने आणखी एक कसोटी उपलब्ध आहे. ट्रान्सलेट या आज्ञेत ११ क्रमांकाचा (हरितलवकाला लागू होणारा) जनुकीय कोड देऊन तिन्ही चौकटींत, म्हणजे पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या अक्षरापासून तीन-तीन अक्षरे वाचत, प्रथिनात भाषांतर करावे. एकाही चौकटीत तुकडा मधल्या तारांकनाशिवाय (तारांकन म्हणजे प्रथिन तिथे संपल्याची खूण) शेवटपर्यंत गेला नाही, तर एखादे अक्षर जादा किंवा कमी राहिले असण्याची दाट शक्यता आहे. नुसते अक्षर चुकीचे बदलले गेले असेल तर ते मात्र यात बहुधा सापडणार नाही, त्यासाठी क्रोमॅटोग्रामच पुन्हा पाहावा लागेल. जिथे शिखर अस्पष्ट आहे तिथे अंदाजाने अक्षर भरण्यापेक्षा एन ठेवणेच प्रामाणिकपणाचे आहे, असे मला मनापासून वाटते.

धागाकर्ती:

मनःपूर्वक आभार. त्या क्रमाच्या मूळ फाइलवर दोन्ही बदल एकाच आज्ञेत केले. ३३९व्या जागी सी आला आणि पहिल्या चौकटीत मधे एकही तारांकन नाही. उरलेले सर्व क्रम आता मूळ फाइलींपासूनच पुन्हा दुरुस्त करून घेत आहोत.