ओलान्झापिन : भावाची गुंगी उतरत नाही, वजन वाढतंच आहे. मदत हवी आहे

अबोली२२

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसतं वाचते आहे, लिहायची ही पहिलीच वेळ. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

धाकटा भाऊ, वय २४. पाच महिन्यांपूर्वी त्याला पहिल्यांदा सायकोसिस झाला. फोनमधून कुणीतरी आपलं बोलणं ऐकतंय, घरातले एकमेकांना खुणा करतात, असं सुरू झालं आणि दोन आठवड्यांत झोप पार गेली. डॉक्टरांनी ओलान्झापिन दिलं. आधी ५ मिलिग्रॅम, मग १०, आणि गेले अडीच महिने रोज रात्री १५. ते संशय जवळजवळ थांबले. तो पुन्हा आमच्याशी हसून बोलायला लागला. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे सगळी तक्रारच आहे.

वजन ६४ होतं, आता ७५. जेवून उठल्यावर अर्ध्या तासात पुन्हा स्वयंपाकघरात. रात्री दोन-दोन वाजता डब्यांची झाकणं वाजतात. आधी मी रागवायचे. आता तो मला बघून झाकण हळू लावतो, ते जास्त लागतं मनाला.

दुसरं म्हणजे गुंगी. सुरुवातीला होती, मग उतरली होती. सकाळी आठ-नऊला उठायचा. गेले पंधरा दिवस पुन्हा वाढली आहे. दुपारचे बारा वाजले तरी हलत नाही. उठला की बोलणं जड, उभा राहिला की डोळ्यांपुढे अंधारी. परवा न्हाणीघराच्या दारात पडता पडता वाचला. डोस तोच, गोळी तीच, वेळही तीच.

तो म्हणतो, ताई, मी बरा आहे, आता बंद करू. आई म्हणते निम्मी कर, त्याला आणि डॉक्टरांना सांगायची गरज काय. पुढची भेट तीन आठवड्यांनी आहे. निम्मी केली तर चालेल का? वजन कशाने थांबतं? आणि काय दिसलं की भेटीची वाट न बघता पळायचं?

मोकळावारा

ताई, ही औषधं म्हणजे मेंदूला कुलूप. हळूहळू सगळी बंद करा, प्राणायाम आणि लवकर उठणं सुरू करा. तरुण मुलगा आहे, निसर्ग बरं करतो.

काठावर

मोकळावारा, लवकर उठता येत नाही हीच तर त्यांची तक्रार आहे.

अबोलीताई, मी स्वतः नऊ वर्षं ही औषधं घेतो आहे, म्हणून लिहितो. पहिल्या वेळी चौदा महिन्यांनी मीही 'बरा झालो' म्हणून परस्पर बंद केली होती. पहिला महिना फार छान गेला. डोकं हलकं, वजन उतरलं, मित्र म्हणाले चेहऱ्यावर तेज आलंय. तो महिना छान गेला हेच वाईट झालं, कारण माझी खात्रीच पटली. तिसऱ्या महिन्यात झोप कमी झाली, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्या वेळी बाहेर यायला पहिल्यापेक्षा बराच जास्त वेळ लागला.

तुमच्या भावाला हे उपदेश म्हणून सांगू नका, वैतागेल. त्याला विचारा, बंद का करायची आहे? मला विचारलं असतं तर मी 'बरा झालो' असं नसतो म्हणालो. पँट होत नाही आणि दुपारी दोनला तोंड धुतो याची लाज वाटते, असं म्हणालो असतो. त्यावर उपाय असतात. 'मी बरा आहे' यावर नुसता वाद होतो.

आणखी एक, पाय. मला पूर्वी दुसऱ्या गोळीवर पाय जागेवर ठेवणं अशक्य व्हायचं. बसलो की उठावं, उठलो की चालावं, आतून कुणी किल्ली दिल्यासारखं. घरच्यांना वाटलं आजार उलटला, आणि तसंच सांगितल्यामुळे डोस वाढला. त्याने पाय आणखी सैरभैर. याला अकाथिसिया म्हणतात आणि तो औषधाचाच परिणाम असतो. ओलान्झापिनवर तुलनेने कमी दिसतो, तरी लक्ष ठेवा. 'अस्वस्थ आहे' एवढं सांगू नका, 'पाय थांबत नाहीत' असं नेमकं सांगा.

औषधवाली

औषधांच्या दुकानात काम करते, डॉक्टर नाही, हे आधी. मला तुमच्या लिहिण्यात एकच गोष्ट खटकते आहे. उतरलेली गुंगी डोस न बदलता पुन्हा चढली. तेव्हा आधी ही उत्तरं द्या.

गेल्या महिन्यात दुसरं कुठलं औषध सुरू झालं का? सर्दीची, अॅलर्जीची, झोपेची गोळी? जंतुसंसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन? डिप्रेशनसाठी किंवा ओसीडीसाठी फ्लुवॉक्झामीन? दारू? आणि हा प्रश्न विचित्र वाटेल, तो सिगारेट ओढतो का, की ओढायचा?

अबोली२२

औषध दुसरं काही नाही. दारू नाही.

सिगारेट ओढायचा. दिवसाला दहा-बारा. आजारपणात तर जास्तच. तीन आठवड्यांपूर्वी एकदम सोडली, स्वतःहून. आम्ही सगळे इतके खूश होतो! त्याचा काय संबंध?

आणि एक कबूल करते. वर 'निम्मी केली तर चालेल का' असं विचारलं, पण तीन रात्री मी सुरीने अर्धी करूनच देते आहे. त्याला माहीत नाही.

औषधवाली

तिथेच आहे सगळा संबंध. ओलान्झापिन यकृतात मोडतं, आणि ते मोडणाऱ्या मुख्य एन्झाइमांपैकी एकाला सिगारेटचा धूर जोर देतो. म्हणजे रोज दहा-बारा ओढणाऱ्याचं शरीर औषध भराभर संपवत असतं. डॉक्टरांनी ५ वरून १५ पर्यंत चढत जाऊन जो डोस बसवला, तो त्या धुरासकट बसवला. सिगारेट सुटली की एन्झाइम आठवडाभरात थंडावतं आणि तीच १५ ची गोळी रक्तात जास्त साठायला लागते. गुंगी, जड जीभ, उठल्यावर अंधारी, तुम्ही लिहिलेलं सगळं या हिशेबात बसतं. याच गटातल्या क्लोझापिन या औषधाचंही असंच होतं, आणि तिथे ते जास्त धोक्याचं.

काम धुराचं आहे, निकोटिनचं नाही. त्यामुळे तो निकोटिनची च्युइंगम चघळत असला तरी हा परिणाम होतोच. आणि कृपा करून कुणी 'मग पुन्हा ओढू दे' म्हणू नका. सिगारेट सोडली हे उत्तमच झालं, फक्त त्याप्रमाणे डोस बघावा लागतो. उलट्या बाजूनेही लक्षात ठेवा, उद्या तो पुन्हा ओढायला लागला तर औषध कमी पडेल. तेव्हा त्याने ते लपवू नये असं वातावरण घरात हवं.

आता अर्ध्या गोळीबद्दल. रागवत नाही. पडता पडता वाचलेल्या भावाकडे बघून हात थरथरतोच. पण अंदाजाने केलेल्या निम्म्याने तुम्हाला काही कळणार नाही. हे औषध शरीरातून निम्मं व्हायलाच साधारण ३० तास लागतात, नव्या डोसचा खरा परिणाम स्थिरावायला आठवडाभर. तीन रात्रींत 'बरं वाटतंय' किंवा 'बिघडलंय' असा कुठलाही निष्कर्ष काढू नका. त्यात गोळी तोंडात विरघळणारी असेल तर ती सुरीखाली चुरते, अर्धी होत नाही.

आजच फोन करा. तीन आठवडे थांबू नका. तीनच वाक्यं सांगा : सिगारेट अमुक तारखेला सोडली, गुंगी अमुक तारखेपासून, आणि मी तीन रात्री अर्धी दिली. तिसरं वाक्य गिळू नका. ते गिळलंत तर डॉक्टर १५ धरून हिशेब करतील. आणि भावालाही सांगा. गोळीत काय आहे हे त्याच्यापासून लपतंय असं त्याला कळलं, तर या आजारात ती शंका फार महागात पडते.

जाता जाता, गोळी किती वाजता देता? पोटात गेल्यावर सुमारे सहा तासांनी तिचा जोर सगळ्यात जास्त असतो. रात्री बाराला घेतली की पहाटे सहाला ऐन भर. आठ-साडेआठला घेतली तर चालेल का, हेही विचारून घ्या. एखाद्या रात्री विसरली तर दुसऱ्या दिवशी दोन एकदम देऊ नका.

निरंजना

लेकीच्या आजारपणाची आमची सात वर्षं झाली. वजनावर लिहिते.

ती भूक हावरेपणा नाही. औषध मेंदूतल्या भुकेच्या आणि 'पोट भरलं'च्या खुणाच बिघडवतं, म्हणून रागवून काही उपयोग नाही. आमच्याकडे दोन गोष्टींनी फरक पडला. एक, तोंड कोरडं पडायचं म्हणून ती दिवसभर गोड पेयं प्यायची. ती घरात आणणंच बंद केलं, साधं पाणी जवळ ठेवलं. दुसरं, रात्रीच्या भुकेसाठी कमी उष्मांकाचं काहीतरी हाताशी ठेवलं, डबे लपवले नाहीत. लपवले की ती वेगळी लढाई सुरू होते.

पण नुसत्या पथ्यावर विसंबू नका. पाच महिन्यांत ११ किलो म्हणजे डॉक्टरांना भेटीची वाट न बघता सांगायची गोष्ट. उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी), रक्तदाब आणि कमरेचा घेर हे औषध सुरू करताना, साधारण तीन महिन्यांनी आणि पुढे निदान वर्षाला बघायचं असतं. झालंय का? नसेल तर मागा. वजन वाढ रोखायला मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळीही देतात, मधुमेह नसला तरी. तो निर्णय डॉक्टरांचा, पण विचारायला तोंड उघडा. मी दीड वर्ष उघडलं नाही, त्याची चुटपुट अजून आहे. मग औषध बदललं. नवं रिस्पेरिडोन होतं. वजनाचं बरं झालं, तर चार महिने पाळी बंद. प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढलं होतं. पुन्हा बदललं. प्रत्येक औषधाची खोड वेगळी, एवढंच सांगायचंय. एकाला पचलं ते दुसऱ्याला पचेल असं नाही.

तुमचा तिसरा प्रश्न राहिला. खूप ताप आणि त्याबरोबर अंग लाकडासारखं ताठ, घाम, भ्रमिष्टपणा : हे दिसलं की गोळी न देता थेट इमर्जन्सी. दुर्मीळ आहे, पण जिवावरचं आहे. मान किंवा डोळे एका बाजूला खेचून अडकले तर तेही लगेच. त्यावर इंजेक्शनने लवकर आराम पडतो. भयंकर तहान, सारखी लघवी, उलट्या आणि सुस्ती एकत्र आली तर साखर खूप चढलेली असू शकते. ताप आणि अंगभर पुरळ. हाक मारून, हलवूनही जाग न येणं. आणि मरणाची भाषा. ओठ-जिभेची नकळत चाळवाचाळव मात्र बहुधा हळूहळू सुरू होते. ती दिसली तर पळायचं नाही, पण लपवायचंही नाही.

मोकळावारा

सिगारेटचं मला खरंच माहीत नव्हतं. माझं वरचं वाक्य मागे घेतो.

अबोली२२

बारा दिवसांनी येते आहे, माफ करा.

त्याच संध्याकाळी फोन केला. तिन्ही वाक्यं कागदावर लिहून घेतली होती, तरी तिसऱ्याला आवाज कापला. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, सिगारेटबद्दल मीच पहिल्या भेटीत बजावून ठेवायला हवं होतं. दुसऱ्याच दिवशी बोलावलं. आता १० मिलिग्रॅम, रात्री साडेआठला. पुढचा महिनाभर दर आठवड्याला फोन, आणि झोप कमी झाली किंवा संशय डोकावला तर मधेच.

रक्त तपासलं. उपाशीपोटीची साखर १०८, एचबीए१सी ५.८. म्हणजे मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर. मूत्रपिंडाची तपासणी करून मेटफॉर्मिन सुरू केलं, जेवणासोबत. पहिले चार दिवस पोट बिघडलं, आता ठीक आहे. वजन अजून ७५च, पण पहिल्यांदाच जवळजवळ दोन आठवडे वाढलेलं नाही. सकाळी नऊला उठतो. काल साडेआठला उठला होता.

अर्ध्या गोळ्यांचं त्याला सांगितलं. दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी पाकीट स्वतःच्या खोलीत नेलं आणि म्हणाला, यापुढे मी घेईन, तू फक्त मोज. रविवारी मी मोजते. आईला अजून पटलेलं नाही.

हा धागा त्याने सगळा वाचला. काठावर, त्याचा तुम्हाला एक प्रश्न आहे, त्याच्याच शब्दांत देते : "दादा, गाडी कधी चालवायला लागलात? आणि पँटचं काय केलंत?"

काठावर

गाडी सहा महिन्यांनी, डॉक्टरांना विचारून. आधी दिवसा, जवळच्या जवळ. अजूनही डोस बदलला की किल्ली काही दिवस घरच्यांकडे देतो. अंगात जडपणा आहे की नाही हे आपल्याला सगळ्यात शेवटी कळतं.

पँट दोन मापं मोठी घेतली, मित्रा. एक वर्ष तीच. मग एक माप कमी झालं, आणि दुसरं अजून व्हायचंय.