मॉरिशसमध्ये जून ते ऑगस्ट, समुद्रकाठी कुठल्या गावात राहावं?

मुक्काम_पोस्ट

आई-बाबांना (63 आणि 66) तीन महिने परदेशात समुद्राकाठी राहायचंय. मॉरिशस पक्कं आहे, जून ते ऑगस्टअखेर. दोघंही शाकाहारी, गाडी चालवणार नाहीत. बाबांना बीपी आणि शुगर. सकाळी पाण्यात उतरता यावं, संध्याकाळी सपाट रस्त्यावर फिरता यावं, दुकान पायी अंतरावर असावं. हॉटेल नको, स्वयंपाकघर असलेलं घर हवं. यादीत माएबूर, बेल मार, ग्रां बे आणि फ्लिक-आं-फ्लाक आहेत. बेल मारचे फोटो सगळ्यात देखणे, आणि जूनमध्ये तिथली घरं स्वस्तही दिसतात. घेऊन टाकावं का?

वाऱ्याआड

स्वस्त का आहेत ते आधी बघा. जून ते सप्टेंबर तिथला हिवाळा, आणि या दिवसांत आग्नेयेकडून व्यापारी वारे जवळजवळ रोज वाहतात. बेल मार पूर्वेला, म्हणजे थेट वाऱ्याच्या तोंडावर. गॅलरीत पेपर उघडायची सोय नाही, वाळू पोटऱ्यांना टोचते, आणि पाण्यातून बाहेर आलं की माणूस कुडकुडतो. तीच जागा डिसेंबरात झकास, कारण तेव्हा वाऱ्याचाच आधार वाटतो. माएबूर आग्नेयेला, तिथेही वारा. शिवाय गावाला स्वतःचा पोहण्याजोगा किनारा नाही, त्यासाठी जवळच्या ब्लू बे किनाऱ्यावर जावं लागतं. सोमवारचा बाजार मात्र बघण्यासारखा.

हे बेट म्हणजे मधोमध पठार आणि भोवती किनारपट्टी. वारे पठारावर चढताना पाणी टाकतात, म्हणून पठारावर, क्युरपिप गावाच्या बाजूला, वर्षाला 4000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि पश्चिम किनाऱ्यावर 1000 च्याही आत. आपल्याकडे घाट ओलांडला की पाऊस आटतो, तोच प्रकार. त्यामुळे तुमच्या महिन्यांसाठी पश्चिम बाजू: फ्लिक-आं-फ्लाक. डोंगराचा आडोसा, कोरडी हवा, सूर्यास्त समोर. सार्वजनिक किनाऱ्याला सुरूची झाडं आहेत, सकाळी त्यांच्या सावलीतून लांबवर चालता येतं. पोहायला दक्षिणेकडचा वोल्मारचा भाग बरा, गावासमोर मेलेल्या प्रवाळाचे तुकडे पायाला लागतात. रविवारी मात्र अख्खी कुटुंबं तंबू आणि स्पीकर घेऊन येतात. शांतता हवी असेल तर त्या दिवशी दुपारी घरीच बसा.

उत्तरेचा_माणूस

वाऱ्याचं बरोबर, पण गाडी न चालवणाऱ्यांना फ्लिक-आं-फ्लाक सुचवताना एक गोष्ट राहिली. गाव लांबट आहे आणि बरीचशी भाड्याची घरं आतल्या बाजूच्या वसाहतींत आहेत. पत्त्यात ‘मोर्सेलमाँ’ दिसलं की समजायचं, प्लॉट पाडून केलेली वस्ती. जाहिरातीत ‘समुद्राजवळ’ लिहितात ते गाडीच्या हिशोबाने. नकाशावर घरापासून वाळूपर्यंतचं पायी अंतर मोजा. 600 मीटरच्या वर असेल तर सोडा.

माझं मत पेरेबेर. ग्रां बेच्या उत्तरेला दोनेक किलोमीटर. ग्रां बेची खाडी होड्यांनी भरलेली असते, तिथे पोहणं नाही. पेरेबेरचा किनारा छोटा, उथळ, आणि खाण्यापिण्याची दुकानं रस्ता ओलांडला की समोर. मोठं सुपरमार्केट ग्रां बेला, बसने काही मिनिटं. खाजगी रुग्णालय ग्रां बेलाच, मोठं सरकारी पाम्प्लमूसला. फ्लिक-आं-फ्लाकला राहिलात तर मोठं सरकारी रुग्णालय कांदोस गावी, पठारावर चढून जायचं. उत्तरेला वारा थोडा लागतो हे मान्य, पण पूर्वेसारखा नाही. त्रू-ओ-बिश गावही चांगलं, किनारा जास्त लांब. पण दुकानं विखुरलेली.

जुलै-ऑगस्टमध्ये फ्रान्स आणि शेजारच्या रियुनियन बेटावरच्या शाळांना सुट्ट्या असतात, तेव्हा उत्तर गजबजते आणि भाडी चढतात. पूर्ण तीन महिन्यांचा सौदा एकदम केला तर मालक उतरतो, पण घर न बघता करू नका. आधी आठ-दहा दिवसांचं बुकिंग, मग तिथे फिरून महिनेवारी.

बस संध्याकाळी लवकर बंद होते. गावाकडच्या मार्गांवर साडेसहा धरून चाला. त्यानंतर टॅक्सी, आणि मीटरवर विसंबू नका: बसण्याआधी भाडं ठरवा. मेट्रो राजधानी पोर्ट लुई ते क्युरपिप अशी आतून जाते, किनाऱ्याला येत नाही.

शिक्का_बघा

घर ठरवण्याआधी कागद.

भारतीय पासपोर्टला पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही, पण किती दिवस मिळतील ते विमानतळावरचा अधिकारी परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता आणि पैशांची सोय बघून ठरवतो. शिक्क्यावरची तारीख काउंटर सोडण्याआधी वाचा. कमी दिवस मिळाले असतील तर तिथेच विचारणं सोपं. नंतर मुदतवाढीसाठी पोर्ट लुईच्या फेऱ्या होतात. एका कॅलेंडर वर्षात पर्यटक म्हणून एकूण 180 दिवसांची मर्यादा आहे. त्याहून जास्त राहायचं असेल तर वर्षभराचा प्रीमियम व्हिसा; त्याला महिना 1500 डॉलरचं उत्पन्न बाहेरून येतंय हे दाखवावं लागतं. विमानात बसण्याआधी ऑनलाइन प्रवासी फॉर्म भरून त्याचा क्यूआर जवळ ठेवा.

औषधं: बीपी-शुगरच्या गोळ्या मूळ पाकिटात, प्रिस्क्रिप्शनसह. झोपेच्या गोळ्या, तीव्र वेदनाशामकं किंवा चिंतेवरची औषधं असतील तर तिथल्या आरोग्य खात्याची परवानगी आधी लागते. यात ते फार कडक आहेत, ‘डॉक्टरांनी दिल्यात’ एवढं पुरत नाही. ताजी फळं, भाज्या, बियाणं बॅगेत नको.

1 ऑक्टोबर 2025 पासून पर्यटक निवासांवर दर माणशी दर रात्री 3 युरो कर आहे. दोघांचे 90 दिवसांचे 540 युरो होतात. भाड्यात धरलेत की वेगळे, हे मालकाकडून लेखी घ्या.

घर बघताना विचारायचं: छपरावर पाण्याची टाकी केवढी? सोलर हीटरला विजेची जोड आहे का? हिवाळ्यात दोन दिवस ढग राहिले की नुसत्या सोलरचं पाणी कोमट येतं. खिडक्यांना जाळ्या? प्लग इंग्लंडसारखे चौकोनी तीन पिनांचे असतात. आपला मिक्सरचा गोल तीन पिनांचा बसत नाही, दोन अडॅप्टर न्या.

यूपीआय फेब्रुवारी 2024 मध्ये तिथे सुरू झालं आहे, पण भाजीवाल्याकडे रोख लागते.

मुक्काम_पोस्ट

बेल मार कटाप. खाण्याचं कसं जमेल? आणि आई पाण्याला घाबरते, लाटा मोठ्या असतात का?

दोडका_उर्फ_पिपंगाय

भाजीच्या नावांत गंमत आहे, बाजारात उपयोगी पडेल. दोडका म्हणजे पिपंगाय, भेंडी लालो, कारलं मार्गोझ, लाल भोपळा जिरोमों, कढीपत्ता कारीपुले, कोथिंबीर कोतोमिली. पालेभाजीला सरसकट ‘ब्रेद’: ब्रेद मुरुम शेवग्याचा पाला, ब्रेद सोंज अळू. कात्र बोर्न गावचा भाजीबाजार बुधवार-शनिवारी, फ्लिक-आं-फ्लाकहून तिकडे बस जाते.

रस्त्यावर ढोलपुरी मिळते: पुरणपोळीसारखी लाटलेली, आत शिजवून कुटलेली कोरडी डाळ, गूळ नाही. दोनाची जोडी देतात, वर वालासारख्या मोठ्या दाण्यांची आमटी आणि चटणी. शाकाहारी असते. सावध राहायचं ते पालेभाजीच्या पातळ ‘बुयों’ला, त्यात कधीकधी सुकी कोळंबी पडते, आणि टोमॅटोच्या ‘रुगाय’ला, त्यात खारवलेला मासा असू शकतो. परतलेल्या नूडल्समध्ये ऑइस्टर सॉस. ‘व्हेज’ म्हटलं तरी हे विचारा.

लाटा प्रवाळाच्या भिंतीवर फुटतात, आत तळ्यासारखं कंबरभर पाणी. आईंना चालेल. पण भिंतीला जिथे खिंड असते, तिथे पाणी जोरात बाहेर ओढलं जातं. त्या दिशेला जाऊ नका. आणि अनवाणी मुळीच उतरू नका. स्टोनफिश दगडासारखा पडून असतो, पाठीवरचे काटे विषारी. जाड तळव्याचे रबरी बूट हवेत. काटा घुसलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात (45 अंशांच्या आसपास) पाय बुडवून ठेवायचा, पाणी निवलं की बदलायचं आणि लगेच रुग्णालय गाठायचं. शुगर असलेल्या माणसाला पायाला काही लागून चालत नाही, म्हणून बाबांचे बूट इथूनच मापाने घ्या.

अजून एक. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, पण बहुधा आपल्यापेक्षा एक दिवस उशिरा: 2024 मध्ये 8 सप्टेंबर, 2025 मध्ये 28 ऑगस्ट. पश्चिमेकडे कास्कावेलला मराठी मंडळींची वस्ती आहे. घरात बहुतेक क्रिओल (फ्रेंचवरून आलेली तिथली बोली) बोलतात, मराठी शाळेत शिकतात. परतीचं तिकीट काढताना तेवढी तारीख बघून घ्या.