विंडोजवरून लिनक्स मिंटवर आलोय, मराठी टायपिंगसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा चिप) नाही, म्हणून विंडोज ११ च्या भानगडीत न पडता लिनक्स मिंट सिनॅमन टाकलं. ब्राउझर, प्रिंटर, लिब्रेऑफिस सगळं व्यवस्थित चालतंय, मशीनही हलकं झालंय.

अडलंय ते मराठीवर. इतकी वर्षं इन्स्क्रिप्ट या कीबोर्ड लेआउटवर हात बसलाय. इथे कीबोर्डच्या यादीत मराठीचे दोन-तीन लेआउट दिसतात, शिवाय आयबस आणि एम१७एन ही टायपिंगची साधनं वेगळीच. रोज पानंच्या पानं टाइप करणाऱ्यांनी नेमकं काय ठेवलंय? ‘ॲप’मधला ॲ आणि ‘दुसऱ्या’मधला ऱ्य कसा काढता? विंडोज-स्पेसने भाषा बदलायची सवय आहे, तीच जोडी इथे लावता येईल का?

दुसरं, आणि माझ्यासाठी जास्त महत्त्वाचं: वडिलांचे बरेच लेख युनिकोडपूर्व (अक्षरांच्या आजच्या प्रमाण कोडपद्धतीआधीच्या) फॉन्टमध्ये आहेत. उघडले की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. फॉन्ट टाकून ते वाचता येतील, पण शोधता येणार नाहीत. मला ते युनिकोडमध्येच हवेत. लिनक्सवर चालणारा, जोडाक्षरं न मोडणारा कन्व्हर्टर कुणी स्वतः वापरला असेल तर कृपया सांगा.