बेसमेंट स्टुडिओ: भिंतीतून माइक आणि लाइनचं वायरिंग, सल्ला हवा

षड्ज_पंचम
न्यू जर्सीत घराच्या बेसमेंटमध्ये छोटा स्टुडिओ करतोय. गाण्यावाजवण्याची खोली १२ बाय १४ फूट, शेजारी ९ बाय १० ची कंट्रोल रूम. मधल्या भिंतीला अजून ड्रायवॉल लावलेली नाही, म्हणून वायरी आत्ताच टाकायच्या आहेत. गायन, तबला, हार्मोनियम, अधूनमधून गिटार. एका वेळी जास्तीत जास्त ६ माइक. इंटरफेसला (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) ८ प्रीअँप (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारे) आहेत, शिवाय ॲडॅट (एका केबलवरून आणखी चॅनल घ्यायची सोय).
किती लाइन टाकू? पॅचबे (प्लग बदलून जोडण्या फिरवायची सॉकेटांची पट्टी) हवाच का? हेडफोनचं काय करतात? आणि फर्नेस, सम्प पंप, डीह्युमिडिफायर हे सगळं त्याच बेसमेंटात आहे, तर घूंऽऽ येऊ नये म्हणून आधी काय पाहू?

डागडुजी
६ माइक म्हणताय तर ८ माइक लाइन आणि ४ परतीच्या लाइन (कंट्रोल रूममधून गाण्याच्या खोलीत आवाज नेणाऱ्या) टाका. १२ जोड्यांची एकच स्नेक केबल (एका आवरणात अनेक लाइन) घेतलीत तर ओढायला सोपी. केबलवर सीएल२ किंवा सीएम असा आगसुरक्षेच्या श्रेणीचा ठसा हवा, भिंतीत तीच चालते. स्टेजवरच्या मऊ लवचीक केबलवर तो ठसा बहुधा नसतो. भिंतीत २ इंची पीव्हीसी पाइप टाका, अर्ध्याहून कमी भरा आणि आत एक रिकामी दोरी सोडून ठेवा. उद्या काही वाढवायचं झालं तर ड्रायवॉल फोडावी लागणार नाही. पाइपाची दोन्ही तोंडं रॉकवूल आणि अकूस्टिक पुटीने बुजवा, नाहीतर एवढ्या भोकातूनही तबला कंट्रोल रूममध्ये ऐकू येईल.
पॅनल फक्त गाण्याच्या खोलीत करा: माइकसाठी ८ फीमेल एक्सएलआर (माइकचा तीन पिनांचा जोड), परतीसाठी ४ मेल. न्यूट्रिक कंपनीच्या डी साइझच्या सॉकेटला साधारण २४ मिमीचं भोक लागतं. कंट्रोल रूमच्या बाजूला पॅनल नको. स्नेकची टोकं ६ फूट मोकळी ठेवून त्यातल्या माइक लाइनींना मेल एक्सएलआर, परतीच्या लाइनींना इंटरफेसच्या आउटपुटला बसेल तो प्लग लावा आणि थेट इंटरफेसला जोडा. तेवढे जोड कमी, म्हणजे तेवढे बिघाडही कमी.
पिना: १ शिल्ड (तारांभोवतीचं धातूचं आवरण), २ हॉट, ३ कोल्ड (सिग्नलच्या दोन तारा). फॉइलवाल्या केबलमधली उघडी ड्रेन वायर (शिल्डला लागून असलेली तार) पहिल्या पिनपर्यंत हीटश्रिंकच्या नळीत घाला. ती शेजारच्या पिनेला टेकली की एक चॅनल कधी बंद, कधी चालू, आणि शोधता शोधता रविवार जातो. ६३/३७ चं ०.८ मिमी सोल्डर, आयर्न ३५० सेल्सियसच्या आसपास. पिनेवर दोन-तीन सेकंदांच्या वर टेकवू नका, आतलं प्लास्टिक मऊ होऊन पिन तिरकी होते.

ओमचा_नियम
वायरिंगच्या आधी वीज. स्टुडिओला २० अँपिअरचं स्वतंत्र सर्किट घ्या आणि इंटरफेस, मॉनिटर स्पीकर, कॉम्प्युटर, हेडफोन अँप सगळं त्यावरच ठेवा. दोन्ही खोल्यांतले सॉकेटही त्याच सर्किटचे. १२० व्होल्टला सतत चालणारा लोड १९२० वॉटपर्यंत धरा, तुमचा त्याच्या निम्माही होणार नाही. पंप आणि डीह्युमिडिफायर दुसऱ्या सर्किटवर. दिव्यांना डिमर लावू नका, गिटारच्या पिकअपमध्ये त्याची झिणझिण हमखास शिरते.
ऑडिओ केबल विजेच्या वायरीला समांतर जात असेल तर किमान १ फूट अंतर. ओलांडायचीच झाली तर काटकोनात.
आणि एकसारखी ६० हर्ट्झची घूं आली म्हणून प्लगची ग्राउंड पिन कापू नका, थ्री-टू-टू अडॅप्टरही लावू नका. ती पिन जिवासाठी आहे. ग्राउंड लूप (उपकरणं दोन वाटांनी ग्राउंडला जोडली गेल्याने घूं आणणारं वेटोळं) तोडायचा तो ऑडिओच्या बाजूला, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरने.

तारसप्तक
लूप टाळायला सगळ्या लाइनींचं शिल्ड एकाच टोकाला जोडा, दुसरीकडे कापून टाका. सोपा उपाय.

ओमचा_नियम
माइक लाइनला असं करू नका! ४८ व्होल्टचं फँटम (इंटरफेसकडून माइकला जाणारी वीज) पिन २ आणि ३ वरून जातं आणि पिन १ वरूनच परत येतं. शिल्ड कापलं की कंडेन्सर माइक गप्प. एका टोकाला शिल्ड सोडणं फक्त बॅलन्स्ड (हॉट-कोल्ड अशा दोन तारांच्या) लाइन लेव्हलला, म्हणजे उपकरणांमधल्या माइकहून जोरदार सिग्नलला चालतं, तेही घेणाऱ्या टोकाला, आणि खरंच घूं येत असेल तरच.

तारसप्तक
बरोबर, माइकचं लक्षात नव्हतं. दुरुस्ती मान्य.

पट्टी_काळी४
पॅचबे: माझं मत, आत्ता नको. ८ माइक आणि ८ प्रीअँप असताना तो मधे कशाला? बाहेरचे कॉम्प्रेसर, ईक्यू आले की घ्या, आणि तोही लाइन लेव्हलसाठीच. टीआरएस (टिप, रिंग, स्लीव्ह अशा तीन भागांच्या प्लगच्या) पॅचबेतून माइक नेले आणि फँटम चालू असताना प्लग खुपसला, तर टिप-रिंग क्षणभर शॉर्ट होतात. नाजूक पट्टीच्या रिबन माइकला हे महागात पडू शकतं.
घेतलात तर ४८ पॉइंटचा, वरच्या ओळीत आउटपुट, खालच्या ओळीत इनपुट, आणि हाफ-नॉर्मल. वर प्लग घातला तर मूळ रस्ता तुटत नाही, खाली घातला तर तुटतो. मागे डीबी२५ (२५ पिनांचा, आठ चॅनलचा जोड) असेल तर पिनांचा क्रम टॅस्कॅम कंपनीचा आहे ना ते पाहूनच केबल मागवा (चॅनल १ चं हॉट २४, कोल्ड १२, शिल्ड २५; १३ रिकामी).
एक वेगळं: ९६ किलोहर्ट्झला रेकॉर्ड करणार असाल तर एका ॲडॅट केबलवर ८ नाही, ४ च चॅनल मिळतात. हिशेब आधीच करा.

डागडुजी
पॅचबेबद्दल +१.
हेडफोनसाठी परतीच्या लाइनींवरून लाइन लेव्हल पाठवा आणि हेडफोन अँप गाण्याच्या खोलीत ठेवा. ४ लाइन म्हणजे दोन स्टीरिओ मिक्स, गायकाचं एक, तबल्याचं एक. आवाज कमी-जास्त करायला गायकाला काचेतून हात हलवावे लागत नाहीत.
गिटार पॅनलला थेट जोडू नका. डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल माइक लाइनवरून जाईल असा करणारा डबा) त्याच खोलीत, गिटारपासून डीआयपर्यंत १५ ते २० फुटांच्या आत, पुढे एक्सएलआर. लांब केबलच्या कपॅसिटन्सने वरचे सूर बोथट होतात.

षड्ज_पंचम
सगळ्यांचे आभार, यादी तयार झाली. दोन शंका. कॅनारे कंपनीची चार तारांची स्टार-क्वाड केबल घ्यावी का? आणि फोनवरचा तानपुरा टीआरएस-एक्सएलआर केबलने इनपुटला जोडून पाहिला तर आवाज जवळजवळ गायबच. हेडफोनमध्ये व्यवस्थित येतो. केबल खराब?

पट्टी_काळी४
केबल ठीक आहे. हेडफोनचं आउटपुट स्टीरिओ: टिपवर डावं, रिंगवर उजवं. बॅलन्स्ड इनपुट या दोहोंतला फरकच घेतो. तानपुरा दोन्हीकडे सारखा, म्हणून बाकी शून्य. ३.५ मिमी टीआरएसमधून दोन टीएस (मोनो प्लग) निघणारी वाय केबल घ्या, त्यातलं डावं टोक डीआयला. दोन्ही बाजू हव्या असतील तर स्टीरिओ डीआय.

डागडुजी
स्टार-क्वाड भिंतीत नको. पॅनलपासून माइकपर्यंतच्या मोकळ्या केबलसाठी घ्या, पंप-मोटारींच्या शेजारी तिचा उपयोग आहे. दोन निळ्या एकत्र पिन २ ला, दोन पांढऱ्या पिन ३ ला. निळी-पांढरी जोडी केलीत तर सगळा फायदा गेला.
ड्रायवॉल लावण्यापूर्वी प्रत्येक लाइन मल्टिमीटरने तपासा. १-१, २-२, ३-३ ला बीप हवा, आणि १-२, १-३, २-३ ला नको. मग फँटम चालू करून पॅनलवर डीसी मोजा: १-२ आणि १-३ ला सुमारे ४८, २-३ ला शून्य. २-३ ला काही व्होल्ट दिसले तर त्या लाइनचा डाग पुन्हा द्या. क्रमांक दोन्ही टोकांना, वर पारदर्शक हीटश्रिंक. नुसती चिकटपट्टी बेसमेंटच्या दमट हवेत सुटते.

ओमचा_नियम
आणि हे मोजताना पंप, फर्नेस, डीह्युमिडिफायर तिन्ही चालू ठेवा, मॉनिटरही थोडे उघडून. पंप सुरू होताना टक् आवाज येतो का, हे भिंत बंद होण्याआधीच कळायला हवं.